नीट बिघडवा

माझ्या हातून कामं बिघडतात म्हणून आयुष्यभर मी बोलणी खाल्ली. पण त्या रविवारी दुपारी याच गुणाची कुटुंबाला गरज पडली आणि मला मानानं बोलावणं आलं.

बैठक मेहुण्याच्या दवाखान्यात होती. मेहुणा दातांचा डॉक्टर. रविवार, त्यामुळे दवाखाना बंद. एक फिरतं स्टूल त्यानं घेतलं, दुसरं आमच्या हिनं. उरली ती पेशंटची खुर्ची. तिच्यावर बसलो तर ती आपोआप मागे गेली, आणि सगळी बैठक मी आढ्याकडे बघत, पडल्या पडल्या ऐकली.

विषय एकच, सासरे. वय शहाऐंशी. त्यांची गाडी सव्वीस वर्षांची, चारही चाकं एकदम ओढणारी, बोजड आणि करड्या रंगाची. घरात तिला गेंडा म्हणतात. सासरे रस्तेखात्यात मुकादम होते. गावामागच्या डोंगरावरून जाणारा घाटरस्ता त्यांच्या देखरेखीखाली झाला. त्या रस्त्याखाली पाणी जायला एकतीस मोऱ्या आहेत. निवृत्त होऊन अठ्ठावीस वर्षं झाली, पण दर बुधवारी आणि शनिवारी सकाळी साडेसहाला सासरे गेंडा काढतात, घाट चढतात, प्रत्येक मोरीत वाकून बघतात आणि कुठे माती साचली ते वहीत लिहून खात्याला कळवतात. खात्यानं एकदाही उत्तर दिलेलं नाही. सासऱ्यांचं म्हणणं, खातं वाचतंय.

मागच्या महिन्यात गेंडा फाटकाच्या खांबाला घासला. सासऱ्यांनी ओळंबा लावून खांबच आत झुकलाय हे सिद्ध केलं. पण घरातल्यांना धास्ती बसली ती बसलीच.

"दादा, तू त्यांना सरळ सांगत का नाहीस?" हिनं भावाला विचारलं.

"सांगितलं होतं की गेल्या वर्षी. ऐकून घेतलं आणि आठ महिने दात दाखवायला दुसऱ्या डॉक्टरकडे गेले."

आणि मग आपणहून ब्रेकचा पंप गेला. या गाडीला ब्रेकसाठी विजेवर चालणारा एक पंप आहे. तो ब्रेक ऑइल दाबून ठेवतो, म्हणून पाय हलका टेकवला तरी एवढं धूड थांबतं. पंप गेला की समोर लाल दिवा लागतो, शिट्टी वाजत राहते आणि पेडल दगडासारखं होतं. हे घरासमोरच झालं, फाटकाच्या आत, म्हणून निभावलं. मेहुण्यानं लगोलग गॅरेजवाल्या मिस्त्रीला गाठून 'आता याचा पार्ट मिळत नाही, भंगारात द्या' असं बोलायला लावलं. मिस्त्रीनं ते चोख म्हटलं. सासऱ्यांनी मान डोलावली, घरी येऊन फोन घेऊन बसले आणि आठ दिवसांत कुठल्या कुठल्या जुन्या बाजारातून पंप मिळवला.

"पंप आलाय, मिस्त्री हात लावत नाही, त्यांचे गुडघे वाकत नाहीत," मेहुणा म्हणाला. "त्यांनी तुमचं नाव घेतलंय."

"माझं?"

"त्यांना दुसरं कोण आहे?" ही म्हणाली. "आणि आपल्यालाही दुसरं कोण आहे? तुम्ही पंप बसवायला जा."

"आणि?"

"आणि तो बसणार नाही, असं बघा. तुम्हाला काही वेगळं करावं लागेल असं वाटत नाही मला."

मी खुर्चीतून उठायचा प्रयत्न केला. खुर्चीनं उठू दिलं नाही.

"एक लक्षात ठेवा," तिनं बोट उगारलं. "अर्धवट काही ठेवू नका. अर्धवट ब्रेक म्हणजे जिवाशी खेळ. गाडी जागची हलता कामा नये. नीट बिघडवा."

मी नकाशेखात्यात छत्तीस वर्षं काढली. तिथेसुद्धा इतक्या स्पष्ट शब्दांत काम कुणी सांगितलं नव्हतं.

*

सोमवारी सकाळी पोचलो तेव्हा सासरे अंगणात येरझाऱ्या घालत होते. आठ दिवस गाडी नाही म्हणजे काय झालं होतं ते जमिनीवर दिसत होतं. गाडीभोवती गवत दबून पायवाट पडली होती. ते बॉनेट उघडायचे, आत बघायचे, बंद करायचे, चार पावलं जाऊन परत उघडायचे. चालताना डावा हात गाडीवर टेकलेला.

"जावईबुवा, सात वाजून दहा मिनिटं झालीत."

"सातला म्हणाला होतात."

"तेच म्हणतोय."

पंप एका खोक्यात, जुन्या टॉवेलात गुंडाळलेला होता. त्यांनी तो तान्ह्या मुलासारखा बाहेर काढला. नारळाएवढा एक काळा गोळा, त्याला चिकटलेली मोटर, दोन नळ्यांची तोंडं आणि वायरचा एक सॉकेट. मला बघूनच बरं वाटलं. इतकी तोंडं असलेली वस्तू माझ्या हातून बसणं शक्यच नव्हतं.

"आधी चाळीस वेळा पेडल दाबा. किल्ली बंद ठेवून. आत दाब राहिला असेल तर ऑइल डोळ्यांत उडतं."

"पंप मेलाय, दाब कुठून राहणार?"

"चाळीस."

मी दाबायला लागलो, ते बाहेर उभे राहून मोजायला लागले. सदतिसाव्याला मी थांबलो. ते अडतिसाव्याची वाट बघत राहिले. मी आणखी तीन दाबले.

मग सिरिंजनं जुनं ऑइल ओढून काढलं. चहाच्या चोथ्यासारखं काळं. ते रंगावर सांडलं तर रंग उतरतो, म्हणून सासऱ्यांनी बॉनेटच्या कडेला ओली फडकी अंथरली होती. मी बारा-तेराचा पाना उचलला. जिथे दहाचा लागतो तिथे मोठा घातला की नटाचे कोपरे झिजून तो कायमचा बसतो, हे मला पूर्वीच्या अनुभवावरून चांगलं माहीत होतं. सासऱ्यांनी पाना माझ्या हातातून घेतला आणि दहाचा दिला. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. तोंडावर काही नव्हतं.

फोन वाजला. ही.

"कुठपर्यंत आलं?"

"काढतोय," मी म्हणालो. शेजारी सासरे उभे.

"निघतोय का?"

"निघतोय."

"म्हणजे निघत नाहीये ना?"

"निघतोय गं!"

"अहो, नीट बोला, मला कळत नाही तुम्ही काय—"

"तिला सांगा, पंप सुटला," सासरे म्हणाले. आणि खरंच सुटला होता. खालचा बोल्ट माझ्या हातात आला होता, मी न सांगता.

मला आता बेचैन व्हायला लागलं. एरवी माझ्या हातात आल्या आल्या वस्तू अडतात. खिडकीची कडी, गॅसचा रेग्युलेटर, छत्रीसुद्धा. आज एकही अडत नव्हती. कारण साधं होतं: माझ्या हातांना डोकं सासऱ्यांचं होतं. ते म्हणायचे अर्धा वेढा, मी अर्धा वेढा द्यायचो. ते म्हणायचे थांबा, हात थांबायचे. दुसऱ्याच्या डोक्यानं इतकं सुरळीत चालणारे हात मी सहासष्ट वर्षं उगाच स्वतःच्या डोक्याला जुंपले होते.

एक नट मी मुद्दाम टाकला. तो इंजिनाच्या पोटात कुठेतरी टणटण करत गेला.

"अरेरे," मी म्हणालो. मला वाटलं, चांगलं जमलं.

सासऱ्यांनी शर्टाच्या खिशातून तसाच दुसरा काढला. "दोन आणलेत. तुम्ही येणार होतात म्हणून."

दुसरा फोन. मेहुणा.

"भावजी, काय परिस्थिती?"

"गंभीर."

"म्हणजे?"

"बसतोय."

पलीकडून मग पेशंटला 'थुंका' म्हटल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

साडेदहाला पंप बसला. नळ्या लागल्या, सॉकेट खटकन बसला, नवीन ऑइल भरलं. सासऱ्यांनी खिडकीतून हात घालून किल्ली अर्धीच फिरवली. पंप घर्र करून फिरला, शिट्टी वाजली, अर्ध्या मिनिटात थांबली. लाल दिवा गेला. सासऱ्यांनी डोळे मिटले. मीही मिटले. दोघांची कारणं वेगळी.

*

राहिलं होतं एकच काम, हवा काढायचं. नळ्या उघडल्या की आत हवा शिरते, आणि हवा राहिली तर ऐन वेळी ब्रेक लागत नाही. यासाठी दोन माणसं लागतात. एक सीटवर, पाय पेडलवर. दुसरा चाकापाशी खाली, हातात पाना. खालचा म्हणतो दाबा, वरचा दाबतो आणि म्हणतो धरलंय. खालचा स्क्रू सैल करतो, ऑइल आणि बुडबुडे नळीतून बाटलीत येतात. खालचा घट्ट करतो आणि म्हणतो सोडा. बुडबुडे थांबेपर्यंत हेच, चारही चाकांना.

सासरे सीटवर चढले. चढायला वेळ लागला. मी हात पुढे केला, त्यांनी तो पाहिला नाही. बसल्यावर त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि पाठ अशी ताठ केली की वाटलं, आता गाडी घेऊन थेट पहिल्या मोरीपाशीच थांबणार.

मी मागच्या चाकापाशी पोत्यावर आडवा झालो.

"दाबा!"

"धरलंय!"

स्क्रू सैल केला. नळीत ऑइलचे दोन थेंब आले आणि थांबले.

"सोडा. परत दाबा!"

"धरलंय!"

एक थेंब.

"पेडल कसं लागतंय?"

"तळाला लागतंय. पार तळाला."

म्हणजे हवा. मी दहा वेळा केलं. वीस वेळा केलं. स्क्रू काढून फुंकला, नळी बदलली. ऊन पाठीवर आलं. पोत्याखालचा एक खडा कुठल्याही कुशीवर वळलं तरी तिथेच टोचत होता. वरून दर वेळी तोच जोरकस आवाज यायचा, "धरलंय!", आणि खाली बाटलीत काही नाही.

"पंप फिरतोय का हो?"

"फिरत नाहीये," सासरे म्हणाले. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजाला बारीक चीर गेल्यासारखी वाटली. "मघाशी फिरला. आता गप्प आहे."

"तुम्ही दाबताय आणि तो गप्प?"

"एवढ्या जोरानं दाबतोय, मांडी दुखायला लागली."

आणि पोत्यावर पडल्या पडल्या माझ्या डोक्यात उजेड पडला. पंप खराब आहे! एकदा फिरतो आणि बसतो; ढकलत नाही. सासऱ्यांच्या डोक्यानं, माझ्या हातांनी, दहाच्या पान्यानं, चाळीस वेळा पेडल दाबून, सगळं जसंच्या तसं करूनसुद्धा काम बिघडलं होतं. मला खोटं बोलावं लागणार नव्हतं. पंप काढायचा, खोक्यात घालायचा, गेंडा भंगारात. ही खूश, मेहुणा खूश. मी कपडे झटकले, तोंडावर जमेल तेवढं दुःख आणलं आणि सांगायला पुढे गेलो.

"बाबा, मला वाटतं पंपच—"

"थांबा, धरलंय अजून. आलं का?"

दार उघडं होतं. त्यांचा चेहरा लाल झाला होता. गळ्याच्या शिरा वर आल्या होत्या. उजवा पाय पूर्ण ताठ, बूट तळाला टेकलेला, सगळं अंग त्या पायावर. आणि तो पाय ॲक्सिलरेटरवर होता.

मधलं ब्रेकचं पेडल त्याच्या शेजारी मोकळं होतं, जागच्या जागी.

इंजिन बंद होतं, म्हणून काही होत नव्हतं. तेवढंच एक कारण होतं.

मी काय म्हणायला आलो होतो ते विसरलो. माझ्या नजरेमागून त्यांची नजर खाली गेली. त्यांनी पायाकडे बघितलं. आधी जरा घाईनं, मग सावकाश. पाय तसाच दाबलेला होता. बघूनसुद्धा तो त्यांना त्यांचा वाटत नसावा, कारण हलवायला पहिल्यांदा पाय नाही, हात गेला. त्यांनी गुडघ्यापाशी पँट चिमटीत धरली, पाय उचलला, डावीकडे आणला आणि मधल्या पेडलवर ठेवला. मग दाबला.

घर्र्र. पंप फिरला.

"पंप चांगला आहे," ते म्हणाले.

"हो."

"मला वाटलं पंपच."

"मलाही."

बराच वेळ आम्ही दोघंही त्या पंपाबद्दल विचार करत असल्यासारखे राहिलो. अंगणात कावळा ओरडत होता. माझा फोन खिशात थरथरला, मी हात लावला नाही. मला एकदम आठवलं, ते सकाळपासून गाडीला हात टेकून चालत होते. मला वाटलं होतं, प्रेम.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

मी पायाकडे बघितलं.

"पावसाळ्यापासून," ते म्हणाले. "तळव्याखाली कापूस असल्यासारखं वाटतं. साखरेनं होतं म्हणाला डॉक्टर. दातांचा नव्हे, साखरेचा. तुमच्या मेहुण्याला बोलला नाही अजून, म्हणजे चांगला डॉक्टर आहे." मग माझ्याकडे न बघता, "वर या."

"आं?"

"तुम्ही वर बसा. मी खाली जातो."

"बाबा, तुमचे गुडघे—"

"गुडघ्यांना कळतं कुठे आहेत ते."

ते उतरले. मागच्या चाकाशी गेले, एका हातानं चाक धरून खाली बसले, मग पोत्यावर आडवे झाले. हे सगळं व्हायला पाच मिनिटं लागली आणि मी सीटवर बसून समोरच्या काचेतून फाटकाचा खांब बघत राहिलो. खांब सरळच होता.

"दाबा!"

खालून आलेला आवाज मुकादमाचा होता. मी दाबलं. पंप घर्र बोलला.

"धरलंय," मी म्हणालो.

"सोडा म्हणेपर्यंत सोडू नका. तुमची सवय माहीत आहे."

चारही चाकं झाली. प्रत्येक चाकाशी ते तसेच बसले, तसेच आडवे झाले, तसेच उठले. चौथ्या चाकानंतर पेडल वरच घट्ट लागलं. मधेच हिचा फोन आला तेव्हा माझा पाय पेडलवर होता आणि खालून 'धरा' असा हुकूम होता.

"काय झालं?"

"काम झालं."

"बिघडलं?"

"नाही."

"अहो, एकच काम सांगितलं होतं तुम्हाला! जन्मात एकदा नीट करायचं ठरवलंत आणि तेही आज? आता ते परवापासून घाटात—"

"सोडा!" खालून आवाज आला.

मी पेडल सोडलं. फोनही ठेवला. हिला काय सांगायचं हे मला अजून माहीत नव्हतं. पायाचं सांगितलं तर मेहुणा अर्ध्या तासात येईल, किल्ली काढून घेईल आणि सासऱ्यांना समजावून सांगेल, मोठ्या आवाजात, लहान मुलाला सांगतात तसं. नाही सांगितलं तर बुधवार परवावर आला होता.

*

"बघून येऊ," सासरे म्हणाले. हातपाय धुऊन, शर्ट बदलून, वही खिशात घालून ते आले होते. जाताना काढून नेलेली किल्ली त्यांच्या हातात होती. मी सीटवरून हललो नव्हतो. सावधपणा म्हणा किंवा सुचलं नाही म्हणा. ते दारापाशी क्षणभर थांबले, किल्ली माझ्या मांडीवर टाकली आणि पलीकडून चढले.

घाटात मी गाडी कधीच चालवली नव्हती. मला परवाना मिळून चाळीस वर्षं झाली होती, पण ती सगळी सपाटीवर. गेंडा चढाला लागला तेव्हा मी अजून पहिल्या गिअरमध्येच होतो.

"दुसरा."

मी दुसरा गिअर टाकला.

"तो चौथा होता. दुसरा."

प्रत्येक मोरीपाशी थांबलो. ते उतरायचे, वाकायचे, लिहायचे, चढायचे. मोरी नंबर चौदा अर्धी बुजली होती, त्याबद्दल त्यांना जवळजवळ आनंद झाला. मी मात्र स्टिअरिंगवर बोटं वाजवत होतो, आरसा पुसत होतो, पुसलेला परत पुसत होतो. चढताना ब्रेकचं काय कळतं? उतार यायचा होता. आणि परत येताना गाडी कोण चालवणार, हे कुणीच बोललं नव्हतं. त्यांनी फक्त 'बघून येऊ' म्हटलं होतं.

एकतिसावी मोरी माथ्यावर. तिथून पुढे रस्ता पलीकडे उतरतो आणि सासऱ्यांचं राज्य संपतं. मी गाडी वळवून खाली तोंड करून उभी केली. ते मोरीत डोकावले, वहीत लिहिलं, वही मिटली. आणि सरळ माझ्या दाराशी आले. दार उघडलं.

"उतरा."

खाली नऊ वळणं दिसत होती, एकाखाली एक. हो म्हणायचं की नाही, उतरायचं की नाही, त्यांच्या अंगाला हात लावायचा का, हिला काय तोंड दाखवायचं, सगळं एकदम डोक्यात आलं. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं.

"नाही," मी म्हणालो. सासऱ्यांना नाही म्हणायची लग्नानंतरची माझी पहिली वेळ.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या बोटांकडे बघितलं. ती पांढरी पडली होती.

"हँडब्रेक ओढलाय?"

"ओढलाय."

"मग बसा."

ते दार धरून उभे राहिले. मग वाकले, मागच्या चाकाच्या आत हात घातला आणि स्क्रूभोवती बोट फिरवून ते उन्हात धरून बघितलं.

"कोरडं आहे. गळत नाही," ते म्हणाले. "बुधवारी साडेसहा. सहा पंचवीसला आलात तर बरं."

आणि ते गाडीच्या पुढून, बॉनेटवर हात टेकत, पलीकडच्या दाराकडे निघाले. फार हळू चालले होते. मी आरसा पुसत राहिलो, त्यांना पोचायला लागला तेवढा सगळा वेळ.